ठकू घुशीचं बीळ आणि दंताजीरावांची दिलगिरी

एका जंगलात, बाळांनो, माफी मागायची पद्धतच नव्हती. रानटीच ते. ज्याने मोडलं त्याने बांधून द्यायचं, एवढाच काय तो त्यांचा कायदा. माकडाने सुगरणीचं घरटं पाडलं की माकड चार दिवस काड्या वेचत हिंडायचं आणि सुगरण वर बसून त्याला शिव्या घालायची. पाचव्या दिवशी दोघंही ते विसरून जायची.

मग राघूपंत पोपट आले. शहरात एका इंग्रजीच्या मास्तरांकडे त्यांनी तीन वर्षं पिंजऱ्यात काढली होती, आणि इतकी वर्षं पिंजऱ्यात राहिलेल्याला आपल्याकडे विद्वान म्हणतात. येताना त्यांनी एक शब्द आणला. सॉरी.

काय शब्द होता, बाळांनो! वाट हवी असली, सॉरी. नीट ऐकू आलं नाही, सॉरी. मदत करायची नसली, सॉरी. शेजारी कोणी मेलं, सॉरी. शेजाऱ्याला आपणच खाल्लं, तरी सॉरीच. एकच शब्द सगळीकडे चालतो म्हटल्यावर जंगल हरखून गेलं. सिंहमहाराजांनी जुना कायदा रद्द करून नवा काढला. एकदा सॉरी म्हटलं की विषय संपला. पुढे कोणी काही मागायचं नाही.

आता ठकूची गोष्ट ऐका. ठकू ही घूस. करंजाच्या झाडाखाली तिचं बीळ होतं. त्यात पाच पिल्लं, अजून डोळेही न उघडलेली. एका सकाळी दंताजीराव हत्ती फिरायला निघाले आणि त्यांचा पाय थेट बिळावर पडला. छप्पर कोसळलं. पिल्लं वाचली, पण उघड्यावर पडली. वर घार घिरट्या घालू लागली.

"सॉरी हं," दंताजीराव म्हणाले आणि चालू लागले.

"अहो, निघालात कुठं?" ठकू ओरडली. "तेवढी माती तरी लोटा! तुमच्या एका पायाचं काम आहे. माझी लेकरं उघडी पडलीत."

"सॉरी म्हटलं ना बाई? आता काय जीव देऊ?"

ठकूने पिल्लांवर सागाचं पान झाकलं, नणंदेला राखणीला बसवलं आणि दरबार गाठला. महाराजांनी राघूपंतांकडे पाहिलं. राघूपंतांनी मान वाकडी केली.

"बाब गंभीर आहे," ते म्हणाले. "दंताजीरावांनी शब्द चुकीचा वापरला. शेपटीवर पाय पडला तर सॉरी. घर पडलं तर रिग्रेट. शिवाय अपॉलॉजी आहे, पार्डन आहे. इथे नेमका कोणता लागू पडतो, ते ठरवावं लागेल."

"मला छप्पर पाहिजे," ठकू म्हणाली.

"तो विषय आमच्याकडे येत नाही."

समिती नेमली. कोल्हा अध्यक्ष. समितीने जागेची पाहणी केली, म्हणजे बिळाचं जे काही उरलं होतं त्यावर सगळे मिळून उभे राहिले. मग रिग्रेटमध्ये दुःख जास्त की अपॉलॉजीमध्ये, यावर आठ दिवस खल चालला. तिसऱ्या दिवशी घारीने एक पिल्लू उचललं. ठकू ऊर बडवत सांगायला आली. समितीला फार वाईट वाटलं, कारण आता नुकसान वाढलं होतं आणि शब्द पुन्हा पहिल्यापासून निवडावा लागणार होता.

किळस आली ना? येऊ द्या. अशांची किळस यायलाच हवी.

शेवटी दंताजीरावांना एक लांबलचक वाक्य लिहून मिळालं. त्यात सॉरीची सगळी भावंडं होती, थोरल्यापासून शेंडेफळापर्यंत. दंताजीरावांनी ते भर दरबारात डोळे मिटून म्हटलं. शेवटच्या शब्दाला त्यांनी सोंड कपाळाला लावली. अस्वल हुंदके देऊन रडलं. कोल्ह्यानेही डोळे पुसले. अशी माफी या जंगलात आजवर कोणी मागितली नव्हती, यावर सगळ्यांचं एकमत झालं. आणि एकमत झालं की आपल्याकडे जे होतं तेच झालं. दंताजीरावांचा जाहीर सत्कार ठरला.

सत्काराला हत्तीच्या मापाची शाल हवी. पन्नास सुगरणी पंधरा दिवस गवत विणत बसल्या. चार काड्या ठकूच्या बिळावर टाकाव्यात असं एकीलाही सुचलं नाही, कारण तसा ठराव नव्हता. शाल पांघरवायचा मान मात्र ठकूला दिला. नुकसान तिचं झालेलं, तेव्हा मानही तिचाच.

ठकू चार जावांना बरोबर घेऊन आली. राघूपंत सूत्रसंचालन करत होते.

"आता आपल्या सर्वांच्या लाडक्या ठकूताई सत्कारमूर्तींना शाल पांघरवतील!"

दंताजीराव गुडघ्यांवर बसले. ठकूने शाल दातांनी चाचपून पाहिली. जाड होती, घट्ट विणलेली होती, पाण्याचा थेंब झिरपला नसता. तिने एक टोक दातांत धरलं. जावांनी बाकीची टोकं धरली. आणि पाचही जणी शाल ओढत घराकडे निघाल्या.

"अगं ए!" दंताजीराव किंचाळले. "माझी शाल!"

ठकूने दातांतलं टोक जरा खाली ठेवलं.

"सॉरी," ती म्हणाली.

"पण कोणत्या अर्थाने?" राघूपंतांनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. बसवा समिती."

महाराजांनी गर्जना करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कायदा त्यांचाच होता.

दिवस मावळायच्या आत बिळावर छप्पर चढलं. घार दोनदा येऊन रिकामी गेली. खाली चार पिल्लं उबेत झोपली होती. पाचव्याच्या वाट्याला ते सुंदर वाक्य आलं होतं.

तात्पर्य: मुलांनो, सॉरी कधी मनापासून म्हणू नये. मनापासून म्हणणाऱ्याचा नुसता सत्कार होतो. हवी ती वस्तू आधी दातांत घट्ट धरावी, आणि मग जाता जाता म्हणावं.