तत्त्वज्ञाचा सुजरा गाल

“लंडनमध्ये आजवर माझ्या नजरेतून दोनच गोष्टी सुटल्या, बाईसाहेब,” ओबडाया क्रंप म्हणाले, “आणि दोन्ही वेळा मी झोपलेलो होतो.”

क्रंप चर्चची घंटा वाजवत. रहस्यभेदक हा हुद्दा त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केला होता. थिओडोसियाने त्यांना बोलावलं नव्हतं. पण बोलावण्यासाठी अडून बसणाऱ्यांतले ते नव्हतेच.

टेबलावर तिच्या वडिलांचे दोन चेहरे होते. तैलचित्रात डावा गाल टम्म. त्यावरून तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रात उजवा गाल टम्म. कोरणारे लव्हडे दारात टोपी चुरगाळत उभे होते. वडिलांच्या शेवटच्या ग्रंथात पहिल्याच पानावर हे चित्र जायचं होतं, आणि छापखाना संध्याकाळपर्यंतच थांबणार होता. बाबा खरे कसे दिसत, ते लेकीने सांगायचं. लेक लग्न होऊन यॉर्कला गेली त्याला अकरा वर्षं झाली होती. परतली ती त्यांना पुरल्यावर. तिला एकही गाल आठवत नव्हता, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

“माणसं दोन!” क्रंप गरजले. “जुळे भाऊ!”

“बाबांना सहा बहिणी होत्या. भाऊ एकही नाही.”

“मग गालात गुप्त पत्र! राजाचे शिपाई डावीकडून आले, यांनी ते जिभेनं उजवीकडे सरकवलं.”

“छापलं की चित्र उलटं येतं,” लव्हडे पुटपुटले. “पत्र्यावर आधीच उलटं कोरायचं असतं. मी विसरलो.”

“कबुलीजबाब!” क्रंपनी त्यांची कॉलर धरली.

“सोडा त्यांना,” थिओडोसिया म्हणाली. “पण बाबांचा गाल एवढा होता का हो?”

“मी त्यांना कधी पाहिलंच नाही, बाईसाहेब,” लव्हडे म्हणाले.

तेवढ्यात म्हातारी स्वयंपाकीण हेस्टर बिअरचा जग घेऊन आली.

“अगं बाई! दाढदुखीचं चित्र अजून आहे होय?”

“दाढदुखीचं?” थिओडोसियाने विचारलं.

“चित्रकार आला त्याच आठवड्यात मालकांची दाढ सुजली, पोरी. लवंगांचा अख्खा डबा संपला. ओरडायचे असे, की शेजारी विचारायला आले, डुक्कर कापताय का. मी म्हटलं, चित्रकाराला परत पाठवा. तर म्हणाले, मी दुखण्याला भीक घालत नाही, हेस्टर. लवंग आण.”

थिओडोसियाने ग्रंथाचं नाव पाहिलं: ‘वेदनेवर बुद्धीचा विजय’. आणि ती हसायला लागली, पार डोळे पुसावे लागेपर्यंत. जिन्याला पाय ठेचला की जिन्यालाच शिव्या घालणारा तो आवाज तिला लख्ख ऐकू आला, आणि आवाजामागोमाग चेहराही आला. सुजलेला नव्हता. तिच्या बाबांचा होता.

“मी हेच म्हणणार होतो,” क्रंप म्हणाले.

“पत्रा घासून गालाची सूज उतरवता येईल, बाईसाहेब,” लव्हडे म्हणाले. “बाजू मात्र संध्याकाळपर्यंत बदलता यायची नाही.”

“सूज राहू दे. ग्रंथ वाचण्याआधी लोकांना ती दिसायला हवी.”

“आणि बाजू?”

“तीही राहू दे. डाव्या गालानं पुष्कळ सोसलं. आता थोडं उजव्याला सोसू दे.”