शाळा आधार समिती

एका जंगलात, बाळांनो, पाखरांची एक शाळा होती. इमारत नव्हती, पळसाच्या आडव्या फांदीवर वर्ग भरायचा. हसू नका. तुमच्या शाळेचं छप्पर तरी कुठे गळायचं थांबलंय?

साळुंकीबाई एकट्याच शिकवायच्या. विषयही एकच, उडणं. परीक्षेला मात्र बाहेरून रानबोका यायचा. पानगळ झाली की पळस उघडा पडे आणि बोका फांदीवर चढे. ज्याला उडता आलं तो पास. बाकीच्यांचा निकाल बोका मिशा पुसत लावायचा. म्हणून बाईंना एकच घोर होता, पानगळीच्या आत सगळी पोरं उडायला हवीत.

त्या वर्षी गवाआप्पांच्या मनात आलं, या बिचाऱ्या बाईंच्या पाठीशी कुणीतरी उभं राहायला हवं. आप्पा मनाने भले, बरं का. त्यांनी शाळा आधार समिती काढली. बाईंना इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

पहिले आप्पाच आधार द्यायला आले. आता एवढा मोठा पाहुणा, त्याला नुसतं कसं बसवायचं? पोरांनी रांगेत उभं राहून स्वागतगीत म्हटलं. वर्गातली सगळ्यात लहान टुकी, व्हल्याची पोर, तिने हार घातला. मग बाईंनी आप्पांना दोन शब्द बोलायची विनंती केली. ते दोन शब्द ऊन उतरेपर्यंत चालले.

मग बाकीची समिती मागे कशी राहील? सायाळ मार्गदर्शन करून गेली. अस्वल प्रेरणा देऊन गेलं. मोर बाईंचा ताण हलका करायला आला आणि स्वतःच नाचून गेला. दर वेळी गीत, हार, दोन शब्द. उडण्याचा तास उद्यावर.

टुकी रोज विचारायची, "बाई, आज तरी उडायचं का?"

आज पाहुणे आहेत गं, असं बाई सांगायच्या आणि तोंड फिरवायच्या. आईबाप मात्र खूश. पोरं काय गोड गातात म्हणून कौतुक करत फिरायचे.

शेवटी बाईंनी धीर केला. आधार जरा कमी करा, शिकवायला वेळच उरत नाही, असं आप्पांना सांगितलं. आप्पांना फार वाईट वाटलं. बाई भलत्याच थकल्यात, असं म्हणून त्यांनी आधार दुप्पट केला.

पानं गळली. बोका आला.

पोरांना काय माहीत हा कोण? फांदीवर कुणी चढलेलं दिसताच त्यांनी स्वागतगीत धरलं. टुकीने पुढे होऊन हार घातला. बाई टुकीला मागे ओढायला धावल्या. पण सवय मोठी वाईट, त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "प्रमुख पाहुण्यांनी मुलांना दोन शब्द सांगावेत."

बोक्याला जन्मात कुणी हार घातला नव्हता. तो खाकरला. "मी काही वक्ता नाही," म्हणाला. असं म्हणणारा लवकर थांबत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याने डोळे मिटले आणि आपल्या खडतर बालपणापासून सुरुवात केली.

बाई हळूच मागे सरकल्या. वर्षभर घशात अडकलेला धडा त्यांनी एका दमात शिकवला. पंख उघड, पाय सोड, खाली बघू नकोस. एकेक पोर फांदीवरून सुटलं. टुकी शेवटची. ती आधी दगडासारखी खाली गेली, आणि मग तिच्या पंखांनी वारा धरला. बाई ढसाढसा रडल्या, आनंदाने हो.

बोक्याने "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" म्हणत डोळे उघडले, तर फांदी रिकामी. मग तो तडक आप्पांकडे गेला. माझ्या एका भाषणात अख्खा वर्ग उडायला शिकला, असं त्याने सांगितलं. आप्पांनी त्याला त्याच दिवशी समितीचा अध्यक्ष केलं.

तात्पर्य: शिक्षकांना आधार जरूर द्यावा, मात्र डोळे मिटून द्यावा, तेवढ्यात त्यांचं शिकवून होतं.