गार्डनाना आणि पाच डब्यांचा शब्द

आमच्या शेजारचे नाना 'अनफॉर्च्युनेटली' हा शब्द कधीच एका दमात म्हणत नसत. अन, फॉर, च्यु, नेट, ली असा बोटांवर मोजत, यार्डात मालगाडी जोडावी तसा सावकाश जोडत. मग विचारत, "बठ्ठा डबा शेतस ना?" म्हणजे, सगळे डबे आहेत ना?

नाना मूळचे सोनगीरचे, आयुष्य गेलं भुसावळला मालगाडीचे गार्ड म्हणून. रिटायर झाले, पण डोक्यातली गाडी काही थांबेना. लांबलचक इंग्रजी शब्द दिसला की डबे सोडवायला बसलेच. पुढचा 'अन' म्हणजे उलट्या दिशेला ओढणारं इंजिन, मध्ये माल, आणि शेवटचा 'ली' म्हणजे गार्डाचा डबा. मेथीवालीलाही त्यांनी एकदा 'इमीजिएटली'चे पाच डबे मोजायला लावले. तिनं बिचारीनं जुडी खाली ठेवून मोजले.

मी दहावीला इंग्रजीत दोनदा आपटले होते. वडिलांनी बजावलं होतं, "यंदाही आपटलीस तर शाळा बंद. चोपड्याचं स्थळ पक्कं करतो." मला शिकायचं होतं हो! रडत नानांकडे गेले. माझी खोड अशी, की लांब शब्दाचं तोंड बघायचं आणि बाकीचं ठोकून द्यायचं.

"पोरी, इंजिन दिसलं म्हणून स्टेशनमास्तर गाडी आली असं लिहीत नाही," नाना म्हणाले. "शेवटचा डबा डोळ्यांनी बघतो, मगच लिहितो."

वर्षभर ओट्यावर बसवून त्यांनी माझ्या तोंडाला फेस आणला.

निकाल लागला. इंग्रजीत एकावन्न! मी कॉलनीभर ओरडत आले. नाना आत गेले, जुनी हिरवी झेंडी घेऊन आले आणि भर दुपारी सगळ्यांसमोर माझ्यासाठी हलवत राहिले. वडील पेढ्यांचा पुडा सोडत म्हणाले, "स्थळ राहू दे. अकरावीचा फॉर्म आण."

पेढा देताना मी विचारलं, "नाना, शब्द फोडायचं हे खूळ लागलं कुठून?"

"मालगाडीच्या मागच्या डब्यात माणूस एकटाच असतो. जवळ एखादा जुना पेपर. मग लांब शब्द पुरवून पुरवून म्हणायचो. ऐकायला कोणी नव्हतं."

घरीही कोणी नव्हतंच. झेंडीची घडी घालत त्यांनी हळूच विचारलं, "आता पास झालीस. उद्यापासून येणार नाहीस ना?"

मी म्हटलं, "नाना, अकरावीत याहून लांब शब्द असतात म्हणे."

"मग सकाळी आठला ये," नाना म्हणाले. "गाडी लेट चालणार नाही."