गाद्या सहा, पत्नी एक

मोरोझुमी कान्जी हे नगरपालिकेच्या गोंगाट-तक्रार खिडकीवरून बेचाळीस वर्षांच्या निष्कलंक सेवेनंतर निवृत्त झाले. कुणाचा कुत्रा भुंकतो, कुणाची मुलगी पियानो बडवते, या तक्रारी त्यांनी तीन प्रतींत लिहून घेतल्या आणि तिन्ही प्रतींवर शिक्का मारला. आवाज कमी झाल्याची नोंद कुठे नाही, पण एकही कागद गहाळ झाला नाही.

त्यांच्याकडे एक रेकॉर्ड होती. पहिल्या पगारातून घेतलेली, एका बाईच्या गाण्याची. लग्न ठरवताना मध्यस्थांसमोर बसले असता त्यांनी हिसाएला सांगितलं होतं, की घरात योग्य यंत्र आलं की ही तुला ऐकवीन. या गोष्टीला एकेचाळीस वर्षं झाली. रेकॉर्डवरचं पारदर्शक प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. अयोग्य यंत्रावर वाजवून तिचा अपमान करायचा नाही, असं कान्जीसानांचं म्हणणं होतं. हिसाएचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं.

निवृत्तीनंतर अ‍ॅम्प्लिफायर आला. काचेच्या दिव्यांचा, हाताने जोडलेला, ताकद अवघी तीन वॅट. एवढ्या नाजूक प्रकृतीला कुठलाही स्पीकर चालणार नव्हता; कमी खाऊन जास्त बोलणारा हवा होता. कान्जीसानांनी नोकरीत तसे पुष्कळ पाहिले होते, पण ते स्पीकर नव्हते. म्हणून ते जिल्हा ध्वनिमेळ मंडळात गेले.

मंडळाचे अध्यक्ष इवाहाशी हे निवृत्त दंतवैद्य. लोकांच्या दाढा कोरण्याच्या यंत्राशेजारी तीस वर्षं काढल्याने आपला कान तयार झाला, असं ते सांगत. त्यांनी कान्जीसानांना खाली बसवलं, चहा दिला आणि बजावलं, की स्पीकर दुकानात जाऊन विकत घ्यायचा नसतो, तो सांगून यावा लागतो. मग रीतसर स्थळं येऊ लागली. जाड पुठ्ठ्याच्या घडीत फोटो, सोबत उंची, वजन, घराणं, स्वभाव. एक स्थळ वरच्या सुरात चिडखोर निघालं. एक देखणं होतं, पण आधी तीन घरांतून परत आलेलं. सातवं जमलं. कर्ण्याचा जोड, माफक आहार, खणखणीत वाणी. दोन्ही बाजूंनी शिक्के झाले आणि कान्जीसान त्या आनंदात शुभकार्याला करतात तो लाल घेवड्याचा भात घेऊन घरी आले.

जोड आला तेव्हा तो घराच्या दारापेक्षा मोठा आहे असं दिसलं. यात मंडळाला काही अडचण वाटली नाही. दार अपुरं आहे, असा शेरा मारून त्यांनी भिंत पाडायला सांगितली. आठ चटया मावतील एवढ्या खोलीत स्पीकर उभे राहिले आणि हिसाए दर गुरुवारी मैत्रिणींना घेऊन जो हवाईयन नाच करायची, तो अंगणात गेला.

पहिल्या चाचणीत बारीक गुणगुण आढळली. तपासाअंती दोष शेजाऱ्यांच्या भात शिजवायच्या कुकरवर गेला. एकाच खांबावरून वीज येते, तेव्हा सगळ्या गल्लीच्या भाताची वाफ तुमच्या गाण्यात शिरते, असा अहवाल आला. उपाय सोपा होता. कान्जीसानांनी स्वतःचा विजेचा खांब घेतला. तो हिसाएच्या मुळ्याच्या वाफ्यात उभा राहिला.

"मुळे कुठे लावू आता?" हिसाएने विचारलं.

"खांबाला मुळ्यांचा त्रास होणार नाही," कान्जीसान म्हणाले. "मी विचारून घेतलंय."

गुणगुण गेली, तर आता खालच्या सुरांत घुमारा सापडला. म्हणून घड्याळं थांबवली, फ्रिज बंद केला, घरातल्या सहाही गाद्या त्याच खोलीच्या भिंतीतल्या कपाटात ठरावीक क्रमाने रचल्या आणि नवरा-बायको आठ दिवस सतरंजीवर झोपले. घुमारा जाईना. शेवटी इवाहाशींनी अडीच तास मोजमाप करून मूळ शोधलं. दोष खुद्द कान्जीसानांचा होता. माणसाचं शरीर आवाज शोषून घेतं, आणि कान्जीसानांचं तर बेचाळीस वर्षं त्याच कामाला लागलेलं.

"यंत्रांचा एकमेकांशी मेळ उत्तम आहे," इवाहाशी हळुवारपणे म्हणाले. दाढ काढावी लागेल हे ते याच आवाजात सांगत असत. "फक्त ऐकणारा जुळत नाही."

कान्जीसानांना हे पटलं. नियमापुढे स्वतःचा अपवाद मागणाऱ्यांचा त्यांनी आयुष्यभर तिटकारा केला होता. त्या क्षणी त्यांना फार वाईट वाटलं हेही खरं, पण त्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

मंडळाकडून मेळाचं प्रमाणपत्र मिळण्याचा दिवस उजाडला. मंडळाचे पाच सदस्य सपाता काढून, पोट आत घेऊन ओसरीत उभे राहिले. यादी वाचून प्रत्येक माणूस खोलीबाहेर असल्याची खात्री करण्यात आली. हिसाए दिसली नाही. पण यादीत तिचं नावच नसल्यामुळे ती कमी असल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. कान्जीसानांनी पांढरे हातमोजे घालून एकेचाळीस वर्षांचं प्लास्टिक कापलं, सुई ठेवली आणि उलट्या पावलांनी बाहेर येऊन दार सरकवलं. मंडळाच्या शिफारशीवरून ते दार शिशाच्या पत्र्याचं केलेलं होतं. बाहेर काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. खोलीतला आवाज मोजायला ओसरीत ठेवलेल्या मापकाचा काटा मात्र सरळ, न थरथरता, आदर्श रेषेवर जाऊन थांबला.

घुमारा नव्हता. एका सदस्याने डोळे पुसले. इवाहाशी मापकापुढे कमरेत वाकले, आणि ते वाकले म्हणून बाकीचेही वाकले.

रेकॉर्ड संपल्यावर दार उघडलं, तेव्हा कपाटाचं दार वीतभर सरकलेलं होतं आणि वरून तिसऱ्या व चौथ्या गादीच्या मध्ये हिसाए बसली होती. तिच्या मांडीवर संत्र्याची सालं होती.

"गाणं छान आहे हो," ती म्हणाली.

मंडळात खळबळ उडाली. प्रमाणपत्र रद्द करावं तर काट्याने आदर्श रेषा दाखवलेली, आणि काट्याला खोटं ठरवण्याचा अधिकार मंडळाला नाही. मग शास्त्रशुद्ध पडताळणी झाली. हिसाएच्या जागी तिच्या वजनाची तांदळाची पोती ठेवली. घुमारा परत आला. अध्यक्षांच्या पत्नीला बसवलं. काटा डावीकडे पडला. कान्जीसानांना बसवलं तेव्हा काटा इतका हलला की मापक दुरुस्तीला द्यायचं ठरलं. हिसाए पुन्हा बसली आणि सगळं सुरळीत झालं.

प्रमाणपत्र देवघराशेजारी लागलं. अ‍ॅम्प्लिफायर एक. स्पीकर दोन. खांब एक. गाद्या सहा. पत्नी एक, गाद्यांमध्ये, संत्र्यासह. यापैकी कोणताही घटक गैरहजर असल्यास यंत्र वाजवू नये.

तेव्हापासून दर गुरुवारी हिसाए पंखा घेऊन कपाटात जाते. अलीकडे तिने नाचाच्या दोन मैत्रिणीही पूरक घटक म्हणून मंजूर करून घेतल्या आहेत. कान्जीसान ओसरीत मापकासमोर मांडी घालून बसतात. काटा सरळ राहतो.

परवा ती बाहेर आली तेव्हा त्यांनी इकडेतिकडे बघून विचारलं, "कसं आहे गं ते?"

"दुसऱ्या कडव्याआधी ती बाई श्वास घेते. एवढा मोठा. लग्नाला नाही म्हणायला घेतल्यासारखा."

"मग?"

"मग गाते."

कान्जीसानांनी मापकाकडे पाठ केली. "जरा गुणगुणून दाखवतेस?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"अर्ज आणा," हिसाए म्हणाली. "तीन प्रतींत."

ते खरोखरच शिक्का शोधायला उठले. तो सापडेपर्यंत तिने मुळे चिरता चिरता पहिलं कडवं म्हणून टाकलं होतं.

हसा, हसा खुशाल. पण हसून झालं की तुमच्या टीव्हीचा रिमोट जरा हातात घ्या आणि त्याच्यावरचं प्लास्टिक काढून दाखवा.