किल्ल्यांची फळी

पाच वाजता घर बघायला माणसं येणार होती, आणि त्यांना ते आवडू नये म्हणून अप्पांनी चोख बंदोबस्त केला होता.

बायको गेल्यापासून मुलीचा एकच धोशा होता. "बाबा, घर विका आणि माझ्याकडे या. इथे तुम्हाला काही झालं तर बघणार कोण?" मुलीला नाही म्हणायची अप्पांना सवय नव्हती. तेव्हा नकार गिऱ्हाइकानेच द्यावा, असा त्यांचा बेत.

समोरच्या शिंप्याने जिन्यात शिवीगाळ करायची. खालच्या बँडवाल्याने ट्रम्पेट फुंकायचा. वरच्या हेडबाईंनी कुत्रं भुंकवायचं.

"आणि बाई, तुम्ही जरा खडूसपणा करा," अप्पा म्हणाले होते.

"त्यात जरा कशाला? नोकरीभर तेच केलंय."

गिऱ्हाईक म्हणजे एक नर्स आणि तिचा नवरा. मुलगी त्यांना स्वयंपाकघर दाखवत होती, तोच जिन्यात धाडकन दार आपटलं. अप्पा खूश झाले. मग बेल वाजली.

दारात शिंपी. गळ्यात टेप, चेहरा पडलेला. "अप्पा, ओरडायला बाहेर आलो आणि दार लागलं. किल्ली आतच."

या इमारतीची दारं ओढली की आपोआप लागतात. म्हणून अप्पांच्या बायकोने दाराशी एक फळी ठोकून घेतली होती. सगळ्यांची जादा किल्ली त्या फळीवर. शिंप्याने आपली काढून घेतली. जाता जाता त्याला काम आठवलं. "फार वाईट वस्ती आहे ही," तो पाहुण्यांना म्हणाला आणि ओशाळून उभाच राहिला.

मागोमाग हेडबाई. कुत्रं बाहेर पळालं, त्या मागे पळाल्या, दार लागलं. कुत्र्याने सरळ आत येऊन नर्सच्या पायावर हनुवटी टेकली.

"भुंक," हेडबाईंनी हुकूम सोडला. त्याने जांभई दिली.

एवढ्यात बँडवाला ट्रम्पेटसकट वर आला. "वाजवतो, अप्पा, पण आधी किल्ली. इस्त्री चालू राहिलीय."

मग काय, सगळी वरात खाली. नर्सच्या नवऱ्याने बटण बंद केलं. शर्टाला भोक पडलं होतं. शिंप्याने ते उजेडात धरून बघितलं आणि शर्ट काखेत मारला. हेडबाईंनी तिथेच चहा टाकला.

नर्स कप हातात घेऊन म्हणाली, "आमच्या इमारतीत मी अशीच बाहेर अडकले होते. पायरीवर बसून होते, आणि लोक पाय चुकवून जात होते. हे घर आम्ही घेतलं."

अप्पांनी कप न पिताच खाली ठेवला.

"आणि आमच्या किल्ल्या?" शिंप्याने विचारलं.

"फळी राहू द्या. आम्ही सांभाळू."

"तुम्ही माणसं चांगली दिसता," हेडबाई म्हणाल्या, "पण किल्ली मिळायची नाही. किल्ल्या अप्पांकडेच."

"मग आम्ही घेतोय काय? भिंती? त्या तर कुठेही मिळतात." नर्सने नवऱ्याकडे पाहिलं.

"बाईंच्या शेजारची जागा रिकामी आहे," बँडवाला म्हणाला. "फक्त कुत्रं भुंकत नाही, एवढी एक गैरसोय."

मंडळी वरची जागा बघायला गेली. मुलगी अप्पांबरोबर घरी आली आणि फळीसमोर उभी राहिली.

"बाबा, हे सगळे बरोबर पाचलाच बाहेर कसे आले?"

अप्पांनी चष्मा पुसायला घेतला. मुलीने पर्समधून आपल्या घराची किल्ली काढून फळीच्या पहिल्या खिळ्यावर अडकवली. तिथे अजून आईचीच किल्ली होती.

"अगं, तू इतकी लांब. तुझी इथे काय कामाची?"

"आमचंही दार ओढलं की लागतं," मुलगी म्हणाली. "आता मी अडकले की तुम्हालाच यावं लागेल. आणि मी दर महिन्याला अडकणार आहे."