किचनमधून जाणारी लाइन

उमरेड रोडच्या आतल्या एका लेआउटमध्ये आम्ही राहायला आलो, त्या दिवशी टेम्पोतून फ्रिज उतरत होता आणि फाटकात एक उंच, वाळलेला म्हातारा हात आडवा करून उभा होता. डोक्याला ओला दुपट्टा, पायात कॅनव्हासचे बूट. मजूर फ्रिज धरून तसेच थबकले.

"किचनमध्ये नका ठेवू जी तो फ्रिज," म्हातारा म्हणाला. "तिथून गाडी जाते."

"कुठली गाडी?"

"रेल्वे. तुमचं किचन पूर्ण लाइनमध्ये आहे मॅडम. बेडरूमचा एक कोपरा जाईन. हॉल वाचते."

हे आमचे शेजारी ठवकरकाका. मी शाळेत गणित शिकवते आणि भूतबाधा, नजर असल्या गोष्टींना आमच्या घरात थारा नाही. त्यामुळे पहिले आठ दिवस मी त्यांना सरळ वेड्यात काढलं. मग चौकशी केली, तर म्हातारा खोटं बोलत नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी सरकारने इथून खरंच एक रेल्वे लाइन आखली होती आणि आखणाऱ्या तुकडीत ठवकरकाका सर्व्हेअर होते. लाइन झाली नाही, पण रद्दही झाली नाही. निम्मे पैसे राज्याने द्यायचे, निम्मे केंद्राने, आणि दोघंही "आधी तुम्ही" म्हणत बसले. दरवर्षी बजेटच्या गुलाबी पुस्तकात तिच्या नावापुढे हजार रुपये लिहिलेले असायचे. हजारात रुळाचा तुकडा येत नाही. पण शून्य लिहिलं की काम मेलं, म्हणून हजार. प्लॉट विकणाऱ्याने यातलं काही सांगितलं नव्हतं, आणि प्लॉट एवढा स्वस्त कसा, हे आम्हीही विचारलं नव्हतं.

काकांच्या लेखी मात्र ती लाइन कधीच सुरू झाली होती. रिटायर झाल्यावर त्यांनी मुद्दाम तिला लागून प्लॉट घेतला. काकी गेल्यापासून ते एकटेच राहत. दूध आणायला निघाले की आमच्या कुंपणापाशी थांबायचे, डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, आणि झपाझप सहा पावलं टाकून पलीकडे जायचे. दुसऱ्यांनाही सोडायचे नाहीत. "काहून घाई करून राहिला गा?" असं म्हणत भाजीवाल्याची हातगाडी अडवायचे. "फाटक बंद आहे ना!" भाजीवाला मुकाट उभा राहायचा. रोजचं गिऱ्हाईक, बिचारा काय करणार.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. माझी गंमत दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी संपायची.

त्या वेळेला काका कुंपणापाशी येऊन उभे राहायचे, ऊन असो की गारठा. मान ताठ. मग त्यांचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकायला लागायचे, पुन्हा डावीकडे यायचे, पुन्हा सरकायचे. एकेक डबा बघावा तसे. मी खिडकीतून पाहायची. झाडाचं पान हलत नसायचं, आणि काकांच्या दुपट्ट्याचं टोक मात्र हलायचं. मी शपथेवर सांगते. गल्लीतली पिवळी कुत्री आमच्या कुंपणाच्या सावलीत झोपायची. चार वाजून गेले की ती उठून पलीकडे जायची आणि काका घरात गेले की परत येऊन तिथंच अंग टाकायची.

पहिल्या उन्हाळ्यात एकदा मी ओट्यापाशी उभी होते. स्टँडमधले स्टीलचे पेले बारीक आवाजात किणकिणायला लागले. आधी हळू, मग जोरात, मग पुन्हा हळू. घड्याळाकडे बघायची मला गरज नव्हती. पायाखालची फरशी थरथरत होती आणि बाहेर काका उभे होते.

"उमरेडच्या खाणीत सुरुंग लावले असतील," संध्याकाळी मिलिंद म्हणाला. हा माझा नवरा, मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो आणि त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण असतं.

"उमरेड इथून चाळीस किलोमीटर आहे."

"मग मेट्रोचं काम."

पण दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला मी किचनमध्ये जाईनाशी झाले. शाळेत पोरांना सिद्धता दिल्याशिवाय मार्क न देणारी बाई मी, आणि चारला पाच कमी असताना चहाचं आधण उतरवून हॉलमध्ये येऊन बसायची. माझी मलाच लाज वाटायची.

बजेटच्या दिवशी काका आमच्याकडे यायचे, कारण आमचा टीव्ही मोठा. आम्ही दोघं शेजारी बसायचो आणि दोघांचे देव वेगवेगळ्या दिशेला पाण्यात. लाइनीला पैसे मिळाले तर माझं घर जाणार होतं. लाइन पुस्तकातून निघाली तर काकांचं काय जाणार होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. टीव्हीवर आमच्या लाइनीचं नाव कधीच यायचं नाही. मग दोन दिवसांनी काका कुठल्याशा जुन्या सहकाऱ्याकडून पुस्तकातल्या त्या पानाची झेरॉक्स आणायचे आणि फाटकातूनच ओरडायचे, "जित्ती आहे मॅडम!" त्यांचा चेहरा असा उजळलेला असायचा, की दवाखान्यातून कुणाला घरी आणलंय असं वाटावं. मीही मनातल्या मनात सुस्कारा टाकायची. हजारच आहेत, म्हणजे घर आणखी एक वर्ष वाचलं.

यंदा मात्र राज्याने आपला निम्मा वाटा मंजूर केला. नुसता कबूल नाही, दिला. पेपरात मोठी बातमी आली, लेआउटमध्ये फटाके फुटले, आणि मी ओट्याला टेकून रडले. आठवड्याभरात नवा नकाशा लागला. नवी लाइन जुन्या आखणीपासून अर्धा किलोमीटर पलीकडून, मोकळ्या माळावरून जाणार होती. म्हणजे आमचं घर वाचलं होतं! मी पेढ्यांचा डबा घेऊन धावतच काकांकडे गेले.

काका अंगणात खुर्चीवर बसले होते. मांडीवर नव्या नकाशाची प्रत होती.

"काका, तुमची लाइन झाली! पेढा घ्या."

"झाली," ते म्हणाले. पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. "बोरपेंढरी काढून टाकली त्यायनं."

"कोण बोरपेंढरी?"

"हॉल्ट होता जी. मीच टाकला होता नकाशात. चाळीस वर्षं होता. आता गाडी तिथं थांबणार नाही म्हणते. पॅसेंजर नाही म्हणते." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही गणितवाल्या आहात. मले एक अर्ज लिहून द्या. पण आधी जागा पाहून घ्या. न पाहता लिहिलं तर ते खोटं होते."

रविवारी आम्ही दोघं एसटीने निघालो. तास-दीड तास गेल्यावर कंडक्टरने मागे वळून हाक दिली, "स्टेशन! स्टेशनवाले समोर या!" मी दचकून खिडकीबाहेर पाहिलं. दोन्ही बाजूंना कपाशी होती, मध्ये एक पायवाट आणि दूर एक मोहाचं झाड. रूळ नाही, खांब नाही, साधी पाटी नाही.

"याला स्टेशन का म्हणतात?" मी कंडक्टरला विचारलं.

"काय माहीत जी. मी नोकरीले लागलो तवापासून स्टेशनच आहे."

आम्ही पायवाटेने झाडाकडे गेलो. झाडाखाली मातीने सारवलेला एक लांबट ओटा होता आणि त्यावर तीन बायका एका ओळीत बसल्या होत्या. तिघींची तोंडं एकाच बाजूला, कपाशीकडे. कुणी बोलत नव्हतं. आमची चाहूल लागूनही एकीनेसुद्धा मान वळवली नाही. माझ्या अंगावर काटा आला. मी घड्याळ पाहिलं आणि हातातली पर्स घट्ट धरली.

काका त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. चौघांचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकायला लागले. ओट्याची माती माझ्या चपलेखाली थरथरली. आता मिलिंद इथे असता तर त्याने कुठली खाण काढली असती, कोण जाणे.

"गेली," सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली आणि लुगडं झटकत उठली. मग एकदम साध्या आवाजात, "कधी आले गा पमीचे बाबा? पाणी पेता का?" असं विचारून ती तांब्या आणायला गेली.

तेव्हा काकांनी मला सांगितलं. सर्व्हेच्या वेळी त्यांचा तंबू इथे होता. काकी सोबत होत्या आणि तीन वर्षांची पमी. पमीला ताप भरला. नागपूर गाठायला त्या दिवशी काहीही मिळालं नाही, बैलगाडीसुद्धा नाही. दुपारी चार दहाला ती गेली. एवढ्या लहान लेकराला पुरतात, म्हणून इथेच, या झाडाखाली पुरलं. पण काकी जागेवरून उठेचनात.

"म्हणे, लेकराले अंधाराचं भेव वाटते, अशी जंगलात एकटी कशी सोडू," काका म्हणाले. "तवा मी तिच्यासमोर नकाशा उघडला न् इथं हॉल्ट टाकला. म्हटलं, हे पाहाय, इथं स्टेशन होईन. स्टेशन म्हणजे दिवा असते, नळ असते, रोज माणसं येतात. पोरगी एकटी नाही राहणार. तवा कुठं ती उठली."

तिथून तंबू हलवताना काकी जवळच्या गावातल्या बायकांना सांगून गेल्या होत्या, स्टेशन होईपर्यंत रोज त्या वेळेला दोघी-तिघी येऊन बसत जा. त्या बसल्या. त्यांच्या सुनाही बसायला लागल्या. स्टेशन कशासाठी, हे त्यातल्या निम्म्या जणींना आता माहीतही नव्हतं. मी त्या ओट्यावर बसून रडले. काका उलट मलाच "असं नाही करत वं पोरी" म्हणून समजावत होते.

अर्ज मी लिहिला. पाच वेळा लिहिला. पमीचं नाव त्यात कुठे बसवावं, ते काही जमलं नाही, म्हणून शेवटी नुसतं "थांबा कायम ठेवावा ही विनंती" एवढंच राहिलं.

हरकतींची सुनावणी तहसील कचेरीत होती. टेबलामागे एक तरुण साहेब बसला होता, चांगला होता, काकांना आधी खुर्ची दिली. अर्ज वाचून त्याने पेन उघडलं.

"काका, एक रकाना रिकामा राहिला. या थांब्यावर चढणारे-उतरणारे प्रवासी किती?"

काकांनी थोडा विचार केला. जन्मभर मोजमाप केलेला माणूस. "एक," ते म्हणाले.

साहेब हसला नाही. पेन खाली ठेवलं. "एका माणसासाठी गाडी नाही थांबत हो."

हीच लाइन मरावी म्हणून दर फेब्रुवारीत देव पाण्यात ठेवणारी बाई मी. माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन लिहा साहेब. मी उतरणार आहे तिथे."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि रकान्यात दोनाचा आकडा काढला. काका टेबलावर वाकले. चष्मा सारखा करून त्यांनी तो आकडा नीट पाहिला आणि मान हलवली.

"एकच ठेवा साहेब," ते म्हणाले. "ह्या मॅडमचं धरा. माझीवाली लहान आहे. तिले तिकीट लागत नाही."