गाडी कुणाचं ऐकते?

"आमच्या गाडीला आवाजच नाही!" हे वाक्य थोरले दिवसातून निदान एकदा तरी म्हणायचे, आणि म्हणताना त्यांची छाती अशी फुगायची, की जणू इंजिन त्यांनी स्वतःच्या हातांनी उपटून बाहेर फेकलं होतं.

थोरले म्हणजे थोरले जावई. सासरी पडलेलं हे नाव त्यांना असं चिकटलं, की पुढे सगळेच त्यांना थोरले म्हणू लागले. दुकान श्रवणयंत्रांचं. गिऱ्हाइकाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, बारीक टूं टूं वाजवायचं आणि "ऐकू आलं की बोट वर करा, आजोबा" असं सांगायचं, हा धंदा. त्यामुळे कान या विषयात आपला हात कुणी धरू शकत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. घरात मात्र बायकोने हाक मारली, की मोबाइलमधून मान वर न काढता ते "हं" म्हणायचे. नुसतं "हं". त्यापुढे काही घडायचं नाही.

आणि धाकटे म्हणजे धाकटे जावई, थोरल्यांचे साडू. गाद्यांचे व्यापारी. माणूस स्वतःही चांगला जाडजूड कापूस भरलेला. दोघांनी एकाच सुमारास विजेवरच्या गाड्या घेतल्या आणि तेव्हापासून दोघांमधली प्रकृतीची विचारपूस बंद झाली. फोन आला की पहिला प्रश्न, "किती चार्ज?"

"आमची एका चार्जमध्ये हिच्या माहेरी जाऊन परत येते!" धाकटे म्हणायचे. "आणि सीट? अहाहा! दाबून बघा एकदा. दाबलं की वर आलं पाहिजे, ती खरी सीट!"

"सीट घेऊन काय करताय? आमची हुशार आहे. हाक मारली की चालत येते!"

आता इथे थोरल्यांनी एक गोष्ट लपवली होती. त्यांनी हाक मारली की गाडी येत नव्हती.

गाडी घरी आली त्या दिवशी त्यांनी ती अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावली. गाडीच गोड आवाजात म्हणाली, "मला ज्या शब्दाने बोलावणार, तो शब्द सांगा." थोरल्यांनी घसा खाकरला. शब्द भारदस्त हवा. तेवढ्यात खिडकीतून बायको ओरडली, "अहो! अहो, ऐकलं का? दूध उतू चाललंय, गॅस बंद करा! माझे हात कणकेचे आहेत! अहो!"

"हं," थोरले म्हणाले. मग गाडीकडे वळून, रुबाबात, "सम्राट!"

"धन्यवाद. लक्षात ठेवलं," गाडी म्हणाली.

त्यानंतर त्यांनी अंगणात उभं राहून कितीदा तरी "सम्राट, ये!" म्हणून पाहिलं. शेजारच्यांचा कुत्रा तेवढा आला. गाडी अजून शिकते आहे, असं थोरल्यांनी मनाशी म्हटलं आणि कानाला खडा लावून तो विषय सोडला.

पण गाडीने तो सोडला नव्हता.

एका संध्याकाळी थोरले दिवाणखान्यात सोफ्यावर पसरून दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या मोबाइलवर ताडून बघत होते. बाहेर उजेड मावळत होता. आतून बायको काहीतरी म्हणाली. ती नेहमीच काहीतरी म्हणत असते. थोरले "हं" म्हणाले. आणि समोरच्या भिंतीवर पांढरा झगझगीत प्रकाश पडला!

त्यांनी खिडकीतून पाहिलं. अंगणात गाडीचे दोन्ही दिवे लागले होते. आत कुणी नव्हतं. किल्ली त्यांच्या खिशात होती. गाडी टक लावून घराकडे बघत उभी होती. ते दबकत बाहेर गेले, काचेला नाक लावलं. रिकामी सीट, रिकामं स्टिअरिंग. तेवढ्यात, कुणी फुंकर मारावी तसे दिवे विझले.

"वायरिंग असेल," ते मोठ्याने म्हणाले. मोठ्याने म्हटलं की धीर येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दाट धुकं. चहा न घेताच ते दुकानात निघाले, दार उघडून आत बसले, आणि तसेच ताडकन उठले. सीट गरम होती! बाकी सगळी गाडी गारठलेली, काचांवर दव, आणि सीट मात्र ऊबदार. कुणीतरी बराच वेळ बसून आत्ताच उठून गेलं असावं अशी. थोरल्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. त्या दिवशी ते दुकानापर्यंत जेमतेम सीटच्या कडेवर टेकून गेले.

बायकोला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. कारण बायकोचं सगळं चित्त दुसरीकडेच होतं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. येत्या रविवारी त्यांना दवाखान्यातून सोडणार होते, आणि बऱ्या होईपर्यंत त्या कुणाकडे राहणार, हे ठरायचं होतं. आजवर प्रत्येक वेळी त्या धाकट्या मुलीकडेच गेल्या होत्या. थोरलीने यावेळी खोली आवरली होती, पलंग खिडकीशी सरकवला होता, नवी चादरसुद्धा घालून ठेवली होती.

"आई म्हणालीय, ज्याच्या गाडीत पाय नीट मावेल त्याच्या गाडीत बसेन, आणि ज्याच्या गाडीत बसेन त्याच्याच घरी जाईन. उगाच वाटेत गाड्या बदलणार नाही." बायकोने नवी चादर पुन्हा एकदा झटकली. "दरवेळी धाकटीकडेच जाते हो ती. एकदा तरी माझ्याकडे येऊ दे. एवढं एक करा माझ्यासाठी. गाडी नीट चालतेय ना आपली?"

"हं," थोरले म्हणाले. पण यावेळी त्या "हं"चा त्यांना स्वतःलाच त्रास झाला.

शनिवारी दिवेलागणीला ते गाडी पुसायला अंगणात गेले. आतल्या पडद्यावर गाडी आजूबाजूच्या वस्तूंची चित्रं काढून दाखवते. कुंडी, फाटक, भिंत. आणि भिंतीपाशी एक करड्या रंगाची बाई. थोरल्यांनी मागे वळून पाहिलं. भिंत होती, वर उघडी खिडकी होती, बाई नव्हती! पुन्हा पडद्याकडे पाहिलं. बाई होती. मग ती हळूच विरघळल्यासारखी खाली गेली.

"अहो, जरा इकडे या बघू!" वरून, खिडकीखालच्या कपाटात वाकून पातेलं शोधणाऱ्या बायकोचा आवाज आला. थोरल्यांच्या कानात तर स्वतःच्याच काळजाचा ठोका वाजत होता. ते "हं" म्हणायलाही विसरले.

पण कुणीतरी "हं" म्हणालं. खोल, घुमल्यासारखं. "हंऽऽऽ..." आणि गाडी चालू लागली. स्टिअरिंग आपोआप वळलं, चाकांखाली एक वाळकं पान कुरकुरलं, आणि गाडी सावकाश भिंतीजवळ जाऊन, खिडकीखाली नाक टेकवून उभी राहिली.

थोरल्यांची बोबडी वळली. फडकं तिथेच टाकून ते बाथरूममध्ये शिरले, कडी लावली आणि कंपनीला फोन लावला.

"बोला सर, काय सेवा करू?"

"अहो, गाडी आपोआप चालतेय!"

"आपोआप नाही चालत सर. हाक मारल्याशिवाय ती हलत नाही."

"मी हाक मारली नाही! शपथ!"

पलीकडचा माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, "मग कुणीतरी मारतंय, सर."

रविवारी दुपारी आभाळ इतकं भरून आलं होतं की दिवसाढवळ्या दिवे लावावे लागले. दवाखान्याचं पार्किंग तळघरात. खाली उतरल्यावर बाहेरचा सगळा आवाज बंद. ओल्या सिमेंटचा वास, कुठेतरी ठिबकणारं पाणी, आणि एक ट्यूबलाइट मरणाच्या दारात असल्यासारखी फडफडत होती. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. थोरले आपल्या गाडीपासून चार हात लांबच उभे राहिले.

धाकट्यांनी आल्याआल्या थोरल्यांच्या गाडीची मागची सीट दोन्ही हातांनी दाबली. "कडक! सासूबाई, ही गादी नाही, पाट आहे. आमच्यात बसून बघा!"

"आमच्यात पाय ठेवायला जागा जास्त आहे!" थोरली म्हणाली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. आता तरी बोला, असं ते बघणं होतं. थोरले गाडीकडे बघत आणखी एक पाऊल मागे सरले.

सासूबाई चाकांच्या खुर्चीत, पाय लांब करून, परीक्षकासारख्या बसल्या होत्या. "भांडू नका. आधी गाड्या जरा मोकळ्या करा. मला दारापर्यंत तरी येऊ द्या."

धाकटी आपल्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, ऐकलं का? मागे घ्या बघू गाडी."

धाकटे जागचे हलले नाहीत, ते अजून सीट दाबत होते. "हंऽऽऽ," तळघरात आवाज घुमला. आणि थोरल्यांची गाडी मागे सरकू लागली! धाकट्यांचा अर्धा देह अजून आत होता. ते दोन्ही पायांनी पाठीमागे उड्या मारत गाडीबरोबर निघाले. "थांबवा! अहो साडूभाऊ! थांबवा हिला!"

"मी नाही करत!" थोरले किंचाळले. "देवाशपथ मी नाही करत! हिच्यात कुणीतरी आहे! आठवडाभर आहे! सीट गरम करून ठेवतं!"

"अहो, थांबा!" धाकटी ओरडली. गाडी जागच्या जागी थांबली. धाकटे सीटवर पालथे पडले आणि तसेच पडून राहिले.

ट्यूबलाइट तेवढी फडफडत होती. थोरलीचं तोंड पांढरं पडलं होतं. आई आता या गाडीत काय बसणार! तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं आणि रागाने ती नवऱ्यावर ओरडली, "अहो, दिवे लावा निदान! काही दिसत नाही इथे!"

गाडीने दिवे लावले.

थोरलीने गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा गाडीकडे. या दोघी बहिणींचा आवाज इतका सारखा, की फोनवर खुद्द नवऱ्यांनी गल्लत केलेली. तिने घाबरत, हळूच म्हटलं, "अहो... बंद करा."

अंधार झाला.

"म्हणजे मी त्या दिवशी अंगणातला दिवा लावा म्हटलं, तेव्हा..." तिला एकेक आठवू लागलं. "मग वैतागून मीच लावला आणि म्हटलं राहू द्या, बंद करा... आणि सकाळी चहा गार झालाय, गरम करून घ्या म्हटलं..."

"सीट गरम झाली," थोरले पुटपुटले.

"आणि काल इकडे या म्हटलं!"

"ती गेली."

"ती गेली," थोरलीने शांतपणे म्हटलं. "तुम्ही नाही आलात."

कान तपासणाऱ्या त्या माणसाला तळघरात लपायला एकही खांब जवळ सापडेना. धाकटे मागच्या सीटवरून मान काढून हसायला लागले, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "हसताय काय? तुम्ही तरी कुठे हलला होतात?" धाकट्यांनी मान आत घेतली.

सासूबाईंनी मात्र खुर्ची चार वीत पुढे ढकलली. गाडीकडे बराच वेळ पाहिलं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलींचा आवाज आला होता तो या बाईंकडूनच, आता थोडा थकलेला. अगदी हळू, कुणी ऐकू नये अशा बेताने त्या म्हणाल्या, "अहो..."

गाडीचे दिवे मंद उजळले.

"अहो, इकडे या ना."

"हंऽऽऽ..." आणि रिकामी गाडी त्या अर्धवट अंधारातून, घाई न करता, त्यांच्याकडे आली. अगदी खुर्चीपाशी येऊन थांबली. थोरल्यांच्या अंगावर पुन्हा काटा आला, पण यावेळी भीतीने नव्हे. सासूबाईंनी बॉनेटवर हात ठेवला.

"किती वर्षांनी म्हटलं गं," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपले. मग ठसक्यात, "मी हिच्यातच बसणार. सीट कडक असू दे नाहीतर खडक असू दे."

थोरली रडायलाच लागली. थोरल्यांनी दार उघडायला हात पुढे केला, पण त्याआधी तिने "अहो, दार उघडा" म्हटलं होतं आणि गाडीने ते उघडलंही होतं.

अशी ही चढाओढ थोरल्यांनी जिंकली. सासूबाई खिडकीपाशी पलंगावर आल्या. खालून गाडी, वरून सासूबाई, संध्याकाळी दोघांच्या गप्पा चालतात. "अहो, झोपलात का?" असं विचारलं की अंगणात दिवे उघडमीट करतात. रस्त्याने जाणारे लोक आताशा पलीकडच्या बाजूने जातात.

थोरल्यांनी चार दिवस हे सहन केलं. बायकोची हाक ऐकून हल्ली ते धावतपळत उठायचे, पण दारात पोचेपर्यंत गाडी आधीच आलेली असायची. शेवटी त्यांनी घसा साफ करून विषय काढलाच.

"मी काय म्हणतो, गाडीचा तो शब्द बदलून टाकू या. एकाच हाकेला दोघं उठायचे म्हणजे गोंधळ होतो."

"बरोबर आहे," बायको म्हणाली. सासूबाईंनीही मान डोलावली. "एकाचा बदलायलाच हवा."

थोरल्यांना हायसं वाटलं.

"तुमचा बदलू या," बायको म्हणाली. "गाडीला 'अहो'ची सवय झालीय. आणि तुम्ही तो दुसरा शब्द निवडला होतात ना, भारदस्त? तो तसाच पडून आहे."

तेव्हापासून त्या घरातून रोज सकाळी खणखणीत आवाजात हाक ऐकू येते, "सम्राट, कचरा बाहेर ठेवा!"

आणि थोरले पहिल्या हाकेला उठतात.